चाप, पुंगळी आणि पुरावा : एका पिस्तुलाच्या भागांचा इतिहास

प्रास्ताविक

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मूलभूत भाग हा विषय वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. तो लष्कराचा, पोलिसांचा किंवा फार तर न्यायवैद्यक शास्त्राचा विषय आहे. तथापि आधुनिक भारताच्या इतिहासात असे एक पिस्तूल आहे की ज्याची रचना समजल्याशिवाय त्या घटनेचा पुरावा नीट वाचता येत नाही. महात्मा गांधींच्या हत्येत वापरले गेलेले, ६०६८२४ क्रमांकाचे इटालियन बनावटीचे बरेटा पिस्तूल हे ते होय. हे पिस्तूल मारेकऱ्याच्या हाती आले ते ग्वाल्हेरमध्ये. प्रस्तुत लेख उज्जैनच्या माधवनगरातून लिहिला जात आहे. उज्जैन त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानातच होते आणि माधवनगर हे नावही शिंदे राजवटीचीच आठवण देते. माळव्यातील मराठी भाषकांना म्हणूनच हा विषय परका नाही.

या हत्येबद्दल दोन प्रकारचे गैरसमज आजवर टिकून आहेत. पहिला गोळ्यांच्या संख्येबद्दलचा, दुसरा दोष कोणाचा याबद्दलचा. पहिल्याचे उत्तर पिस्तुलाच्या रचनेत सापडते. दुसऱ्याचे उत्तर तिथे सापडत नाही. पण पुरावा कसा वाचावा याची शिस्त पहिल्यातून शिकता येते. ती शिस्त समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दांची वाट

शस्त्रांचे मराठी शब्द तपासले तर अनेक संस्कृतींचा संपर्क लक्षात येतो. 'तोफ' आणि 'तमंचा' हे शब्द तुर्की मुळाचे असून फारसीमार्गे आपल्याकडे आले. 'बंदूक' हा शब्द अरबी आहे. 'दारूगोळा' यातील 'दारू' हा फारसी शब्द, ज्याचा मूळ अर्थ औषध. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे शब्द मात्र युरोपीय असून ते पोर्तुगीजांच्या संपर्कातून रुळले. शस्त्रांना धार आणि झिलई देणारे ते शिकलगार. या शब्दाच्या मुळाशी 'घासून लख्ख करणे' या अर्थाचा अरबी शब्द आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम कुटुंबांचे ते आडनाव आहे. याउलट 'नळी', 'घोडा', 'चाप', 'पुंगळी', 'खटका' हे भागांचे शब्द आपल्या घरचेच. पंचनाम्यात आजही 'रिकामी पुंगळी' आणि 'जिवंत काडतूस' असेच लिहिले जाते. हे दोन शब्द पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरतील.

माळव्याचा शस्त्रांशी संबंध जुना आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी लष्कर-ग्वाल्हेर येथे मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बोइनच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतीत असे व बंदुका तयार करीत असे. त्या बंदुका एक बार काढला की पुन्हा ठासाव्या लागत. एकामागून एक गोळी आपोआप नळीत येण्याची सोय व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल

वर्तमानपत्री मराठीत 'रिव्हॉल्व्हर' आणि 'पिस्तूल' हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या गोल पेटीत असतात. गोळी सुटली तरी तिची रिकामी पुंगळी त्या पेटीतच राहते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र प्रत्येक गोळीनंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येते. हे काम काडतुसाच्या स्फोटातून मिळणाऱ्या शक्तीवरच चालते. १८९३ मध्ये ह्यूगो बोरशार्ट या जर्मन संशोधकाने असे पिस्तूल बाजारात आणले. त्यानंतर मॉझर, लुगर आणि अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी ही रचना सुधारली. आज सर्वत्र दिसणारी सरकती स्लाइड ही प्रामुख्याने ब्राउनिंगची देणगी होय.

अशा पिस्तुलाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला भाग म्हणजे सांगाडा. मूठ, चाप आणि इतर सर्व भाग याच्यावर बसवलेले असतात. बहुधा याच्यावरच कारखान्याचा अनुक्रमांक कोरलेला असतो.

दुसरा भाग नळी. नळीच्या आत पिळाचे आटे कोरलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. हे आटे गोळीच्या अंगावर बारीक ओरखडे उमटवतात. एकाच कारखान्यातील दोन नळ्यांचे ओरखडेही तंतोतंत सारखे नसतात.

तिसरा भाग स्लाइड, म्हणजे नळीवरून मागेपुढे सरकणारे पोलादी आवरण. गोळी पुढे जाते त्याच वेळी स्लाइड मागे ढकलली जाते. तिच्यातील एक छोटा आकडा पुंगळीची कड धरून तिला मागे ओढतो. मागे येणारी पुंगळी सांगाड्यातील एका उंचवट्यावर आपटते आणि बाहेर उडते. स्प्रिंगच्या जोराने स्लाइड परत पुढे येताना मॅगझिनमधील वरचे काडतूस ढकलून नळीच्या मागील घरात बसवते.

चौथा भाग घोडा आणि त्याच्या पुढची पिन. घोडा पिनेवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडाला टोचते आणि दारू पेटते. पिनेची खूण, आकड्याची खूण आणि स्लाइडच्या आतील पृष्ठभागाचा ठसा या तिन्ही गोष्टी रिकाम्या पुंगळीवर राहतात.

पाचवा भाग मॅगझिन. मुठीत बसणारी ही पेटी असून तिच्या तळाची स्प्रिंग काडतुसे वर ढकलते.

सहावा भाग चाप आणि त्याची जोडणी. यात डिस्कनेक्टर नावाचा एक छोटा तुकडा असतो. स्लाइड मागे जाताना तो चाप आणि घोडा यांच्यातील संबंध तोडतो. त्यामुळे चाप सोडून पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. 'अर्धस्वयंचलित' या शब्दातील 'अर्ध' या तुकड्यामुळे सार्थ होते. काडतूस भरण्याचे काम यंत्र करते. गोळी सोडण्याचा निर्णय मात्र दर वेळी माणसाच्या बोटालाच घ्यावा लागतो. तीन गोळ्या म्हणजे तीन वेळा दाबलेला चाप. कायद्याच्या दृष्टीने आणि नीतीच्या दृष्टीनेही ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याशिवाय चुकून गोळी सुटू नये म्हणून खटका, म्हणजे सेफ्टी, असतो.

बरेटा १९३४

बरेटा ही उत्तर इटलीतील गार्दोने या गावची पेढी. १५२६ मध्ये बार्तोलोमेओ बरेटा याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. या पेढीचे १९३४ नमुन्याचे पिस्तूल तुल्लिओ मारेंगोनी याच्या आराखड्यानुसार तयार झाले व मुसोलिनीच्या काळात इटालियन सैन्याला देण्यात आले. ते आखूड आणि वजनाने हलके, म्हणजे साधारण पाऊण किलोच्या आतले आहे. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. नऊ मिलिमीटरचे आखूड काडतूस त्यात चालते. इंग्रजी पद्धतीत हेच काडतूस.३८० म्हणून ओळखतात. मॅगझिनमध्ये सात काडतुसे बसतात. स्लाइडचा वरचा भाग बराचसा मोकळा असून नळी वरून दिसते, ही बरेटाची खूण. सैन्यासाठी बनवलेल्या पिस्तुलांवर इसवी सनाबरोबर फॅसिस्ट राजवटीचे वर्षही रोमन आकड्यांत कोरलेले असे.

१९४१ मध्ये इटालियन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या इरिट्रिया व इथिओपियात, हिंदी सैन्य इटालियनांशी लढले. केरेनच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही होती. मे १९४१ मध्ये अंबा अलागी येथे आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये गोंदार येथे इटालियनांनी शरणागती पत्करली. शरण आलेल्या अधिकाऱ्यांची पिस्तुले विजयचिन्हे म्हणून अनेक सैनिकांबरोबर हिंदुस्थानात आली. गांधीहत्येतील पिस्तूलही याच मार्गाने ग्वाल्हेरच्या पलटणीतील एका अधिकाऱ्याबरोबर आले, अशी हकिकत वारंवार सांगितली जाते. ती संभवनीय आहे. पण ती परंपरागत हकिकत म्हणूनच घ्यावी, न्यायालयीन पुराव्याच्या पंक्तीला तिला बसवू नये.

ग्वाल्हेरहून दिल्लीला

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केले. दिल्लीच्या मुसलमानांना निर्भयपणे राहता यावे ही त्यामागची मुख्य तळमळ होती. मेहरोली येथील ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याचा उरूस निर्विघ्न व्हावा, ही शांतता समितीने मान्य केलेल्या अटींपैकी एक अट होती. १८ जानेवारीला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हातून फळांचा रस घेऊन गांधीजींनी उपोषण सोडले.

२० जानेवारीला बिर्ला भवनात मदनलाल पाहवा याने स्फोट घडवला, गांधीजी बचावले. त्या दिवशी कटवाल्यांजवळ असलेली शस्त्रे भरवशाची नव्हती. दिगंबर बडगे या माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत त्यांची चाचणी फसल्याचा उल्लेख आहे. चांगल्या शस्त्राचा शोध त्यानंतर सुरू झाला.

२७ जानेवारीला गांधीजी मेहरोलीच्या दर्ग्यात उरुसासाठी गेले. त्याच दिवशी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीत उतरले आणि तिथून आगगाडीने रात्री ग्वाल्हेरला पोहोचले. खटल्यात पुढे आलेल्या हकिकतीनुसार ते हिंदुमहासभेचे स्थानिक पुढारी डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्याकडे गेले. २८ जानेवारीला गंगाधर दंडवते यांच्यामार्फत, जगदीशप्रसाद गोयल यांच्याकडील बरेटा पिस्तूल काडतुसांसह त्यांना मिळाले. २९ तारखेला दोघे दिल्लीत परतले.

ग्वाल्हेर हे संस्थान होते. १८७८ चा ब्रिटिश हिंदुस्थानचा शस्त्र कायदा संस्थानांना सरळ लागू होत नसे. सैन्यात नोकरी करणारी घराणी, महायुद्धाहून परतलेले सैनिक आणि फाळणीनंतरचे भयग्रस्त वातावरण या साऱ्यामुळे शस्त्र मिळणे अवघड राहिले नव्हते. पुढे २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आदी संस्थाने मध्यभारतात विलीन झाली.

तीन गोळ्यांचा पुरावा

३० जानेवारीला, शुक्रवारी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास, प्रार्थनेला जाताना गांधीजींवर अगदी जवळून तीन गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी जागीच, पिस्तुलासह पकडला गेला. दोन गोळ्या शरीरातून आरपार गेल्या, एक आत राहिली. शवविच्छेदन झाले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बाह्य जखमांची तपासणी केली.

इथे वर सांगितलेले भाग उपयोगी पडतात. हत्यार रिव्हॉल्व्हर असते तर पुंगळ्या हत्यारातच राहिल्या असत्या. पिस्तूल असल्यामुळे त्या हिरवळीवर सापडल्या. पुंगळीवरील पिनेची व आकड्याची खूण आणि गोळीवरील आट्यांचे ओरखडे तपासून त्या याच हत्यारातून सुटल्या की नाही हे ठरवता येते. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत दोन वस्तू शेजारी शेजारी दाखवणारे तुलनात्मक सूक्ष्मदर्शक यंत्र या कामी वापरात आले होते. गांधीहत्येच्या तपासात पूर्व पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील प्रयोगशाळेने अशी तपासणी केली.

खटला लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे चालला. याच किल्ल्यात १८५८ मध्ये बहादूरशाह जफर यांच्यावर आणि १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ खान, सहगल व धिल्लाँ यांच्यावर खटले चालले होते. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. गोडसे व आपटे यांना फाशी, इतरांना जन्मठेप, तर वि. दा. सावरकर यांना निर्दोष ठरवण्यात आले. जून १९४९ मध्ये पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने अपिलात डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना सोडले. दंडवते यांच्यासह ग्वाल्हेरचे तीन आरोपी फरारी म्हणून नोंदले गेले होते. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशीची अंमलबजावणी झाली.

चौथी गोळी?

झाडल्या गेलेल्या गोळ्या तीन नसून चार होत्या आणि दुसरा कोणी मारेकरी होता, असा तर्क पुढे मांडला गेला. त्या आधारे फेरतपासाची मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायालयमित्र नेमले. फेरतपासाला आधार नाही, असा अहवाल त्यांनी दिला आणि २८ मार्च २०१८ रोजी ती याचिका फेटाळण्यात आली.

असा तर्क का उद्भवतो, हे पिस्तुलाच्या रचनेवरून समजते. एका गोळीबारात चार वेगवेगळ्या गोष्टी मोजता येतात : चाप किती वेळा दाबला, पुंगळ्या किती, गोळ्या किती आणि जखमा किती. पहिल्या तीन संख्या सारख्याच असायला हव्यात. चौथी तशी असेलच असे नाही, कारण आरपार गेलेली गोळी प्रवेशाची एक आणि बाहेर पडण्याची एक अशा दोन जखमा करते. तीन गोळ्यांपैकी दोन आरपार गेल्या असतील तर जखमा पाच होतात. पत्रकाराने घाईत ऐकलेला जखमांचा आकडा गोळ्यांचा म्हणून छापला की गोंधळ सुरू होतो. शिवाय काही फूट उडालेली पुंगळी गर्दीत पायाखाली जाऊ शकते किंवा कपड्याच्या घडीत अडकू शकते. म्हणून जागेवर मिळालेल्या पुंगळ्यांची संख्या ही झाडलेल्या गोळ्यांची कमीत कमी संख्या होय, अंतिम संख्या नव्हे. वर्तमानपत्रातील बातमी, छायाचित्र आणि मुद्देमालाची नोंद यांचे वजन सारखे धरता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनांची प्रतवारी करावी, असे आपण वर्गात सांगतो. त्याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

अफवा आणि जमात

त्या संध्याकाळी बिर्ला भवनाबाहेर पहिला प्रश्न विचारला गेला तो गोळ्यांच्या संख्येचा नव्हता. मारेकरी कोण, किंबहुना कोणत्या धर्माचा, हा तो प्रश्न होता. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर काय झाले असते, याची कल्पना त्या वेळच्या राज्यकर्त्यांना पूर्ण होती. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे हजारो मुसलमान निर्वासितांनी काढलेले दिवस जेमतेम चार-पाच महिन्यांपूर्वीचे होते. माउंटबॅटन यांनी गर्दीतील अशा ओरडीला तत्क्षणी प्रत्युत्तर दिल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. आकाशवाणीच्या घोषणेतही मारेकरी हिंदू असल्याचे मुद्दाम सांगण्यात आले. त्या एका वाक्याने किती जीव वाचले हे मोजता येणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे आणि दुकाने जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीत गेला. ज्यांनी ते पिस्तूल कधी पाहिलेही नव्हते अशी कुटुंबे रातोरात उघड्यावर आली. एका जमातीवरील संकट टळले ते दुसरीवर कोसळले. दोष माणसाचा न धरता जमातीचा धरण्याची रीत तीच राहिली. आपल्यावर आळ येता येता राहिला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या समाजाने ही दुसरी आगही विसरता कामा नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निष्कर्ष

गोळी नळीपर्यंत नेते, नळी पिस्तुलापर्यंत, पिस्तुलाचा अनुक्रमांक विक्रेत्यापर्यंत आणि चाप एका विशिष्ट माणसाच्या बोटापर्यंत. या साखळीतील प्रत्येक दुवा एका नावाशी जोडलेला आहे. जिथे दुवा तुटला तिथे न्यायालय थांबले, डॉ. परचुरे यांची अपिलातील सुटका हे त्याचेच उदाहरण. नंतर १९६६ मध्ये नेमलेल्या न्या. कपूर आयोगाने कटाच्या पूर्वसूचनांची आणि यंत्रणेच्या त्रुटींची पुन्हा चौकशी करून १९६९ मध्ये अहवाल दिला. नवा पुरावा पुढे आला तर पुन्हा तपासणे हेही त्याच शिस्तीत बसते. नवा पुरावा नसताना नवा मारेकरी कल्पिणे मात्र बसत नाही, आणि पुराव्यावाचून जमातीला आरोपी करणे तर मुळीच नाही.

दिल्लीच्या राजघाटाजवळील राष्ट्रीय गांधी संग्रहालयात त्या दिवसाची एक गोळी जपून ठेवली आहे. मदुराईच्या गांधी संग्रहालयात रक्ताचे डाग असलेले वस्त्र आहे. आमच्या उज्जैनहून दिल्लीला सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ती गोळी अवश्य दाखवावी. बोटाच्या पेराहून लहान असलेल्या त्या धातूच्या तुकड्यावर नळीच्या आट्यांचे ओरखडे असतात. त्यावर कोणताही धर्म, जात किंवा गाव कोरलेले नसते, एवढे शिक्षकांनी त्या वेळी सांगितले तरी पुरे.